कधी पास, कधी फेल: कंपायलरवर बोट ठेवण्याआधी

लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांचा हिशेब मी जावात लिहितो. कट्ट्यांचं वजन, हमाली, तोलाई, शेवटी शेतकऱ्याची पट्टी. एखादी टेस्ट 'कधीतरी' फेल होते असं टीममधलं कुणी सांगत आलं, की माझा पहिला प्रश्न: कितीत किती वेळा?

टेस्ट लूपमध्ये टाका, रँडम सीड (ज्या आकड्यावरून रँडम आकडे तयार होतात तो) दर वेळी लॉगमध्ये छापा. समजा पन्नासात एकदा फेल होते. काही बदल केला आणि सलग २० वेळा पास झाली, तर त्याला अर्थ नाही. दोष जागेवर असतानाही असं घडण्याची शक्यता ६७ टक्के असते. सलग १५० वेळा पास झाली तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. तेवढं चालवल्याशिवाय 'सुटलं' म्हणायचं नाही.

एकाच मशीनवर फेल होत असेल तर आधी रॅम तपासा. मे महिन्यात आपल्याकडं एसी नसलेल्या खोलीत तर नक्कीच.

आता जेआयटी, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच त्याचं मशीन कोड बनवणारा जावाचा कंपायलर. एक्सइंट (-Xint) पर्याय देऊन, म्हणजे जेआयटी बंद करून, निव्वळ इंटरप्रिटरवर चालवा. हे फार हळू चालतं, म्हणून वेळ नको, फेऱ्या मोजा. मग टायर्डस्टॉपअ‍ॅटलेव्हल (-XX:TieredStopAtLevel) १ वर ठेवून फक्त सी-वन, म्हणजे जेआयटीमधला साधा, झटपट कंपायलर लावा. दोन्हीकडं पास आणि सी-टू, म्हणजे जास्त ऑप्टिमायझेशन करणारा कंपायलर, आला की फेल, तर संशय सी-टूवर जातो.

पण संशयच. व्होलाटाइल (दुसऱ्या थ्रेडनं केलेला बदल दिसायला हवा असं सांगणारी खूण) नसलेला फ्लॅग एक थ्रेड बदलतो, दुसरा लूपमध्ये वाचत बसतो. सी-टू ते वाचन लूपबाहेर काढतो आणि लूप थांबतच नाही. जावाच्या मेमरी मॉडेलला, म्हणजे एका थ्रेडचा बदल दुसऱ्याला कधी दिसेल याच्या नियमांना, हे मान्य आहे, दोष आपल्या कोडचा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा: थ्रेडमध्ये वाटून घेतलेलं प्रत्येक फील्ड एकेक करून बघा.

कंपायलरचे खरे दोषही असतात. जुलै २०११ मध्ये जावा ७ आलं, तेव्हा हॉटस्पॉटच्या (जावा चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनच्या) लूप ऑप्टिमायझेशनमधल्या दोषांमुळं ल्यूसीन ही शोधाची लायब्ररी क्रॅश व्हायची, नाहीतर इंडेक्स बिघडायचा.

आपला कोड तपासून तिथवर पोचलात, तर कंपाइलकमांड (-XX:CompileCommand) पर्यायातल्या एक्सक्लूडनं एकेक मेथड जेआयटीतून वगळत जा. जिच्यामुळं फरक पडतो ती वेगळी काढा, डेटाबेस आणि फ्रेमवर्क तोडून एका फाइलीत बसवा. जेडीकेचा (जावाच्या साधनसंचाचा) बिल्ड, प्रोसेसर, सीड आणि किती फेऱ्यांत किती फेल, एवढं जोडून ओपनजेडीके या जावाच्या मुक्त प्रकल्पाकडं पाठवा. आधीचा कुठला बिल्ड चांगला चालत होता हेही लिहा. दुरुस्त करणाऱ्याला त्या दोन बिल्डांमधलेच बदल चाळावे लागतील.