रायफलची निगा आणि तयारीचं सामान: या चुका टाळा

अडीअडचणीसाठी तयार राहण्याची ज्यांना ओढ असते, त्यांच्याकडे सामानाची टंचाई क्वचितच असते. रायफल चकचकीत असते, काडतुसांचे डबे ओळीने लावलेले असतात, तेलाच्या बाटल्याही दोन-तीन प्रकारच्या असतात. तरी ऐन वेळी बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, अडतो, नेम भलतीकडे जातो किंवा टॉर्च लागत नाही. अशा बिघाडांच्या मुळाशी गेलं की दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सापडतात. एकतर वस्तू घेऊन ठेवली आणि कधी वापरूनच पाहिली नाही, किंवा काळजी घेण्याच्या नादात रायफलवर नको तेवढे उपचार केले. दुसरी चूक जास्त नुकसान करते, कारण ती करताना आपण काहीतरी चांगलंच करतोय असं वाटत राहतं.

हे सगळं रीतसर परवाना घेऊन रायफल बाळगणाऱ्यांसाठी आहे. काडतुसं किती ठेवायची, कुलूप कसलं हवं, याचे नियम ठिकाणाप्रमाणे बदलतात, ते आधी वाचून घ्या. साफसफाईला बसताना पहिल्यांदा मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) काढा, मग बोल्ट उघडा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. हा क्रम उलटा करू नका. मॅगझिन आत असताना बोल्ट मागेपुढे केला तर पुढचं काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसतं. काडतुसं त्या टेबलावर नकोतच, दुसऱ्या खोलीत ठेवा.

नळी चुकीच्या बाजूने घासणं

गोळी नळीतून बाहेर पडते ती शेवटची कड, म्हणजे क्राउन, नेमबाजीच्या दृष्टीने फार नाजूक असते. तिथे एका बाजूला जरी झीज झाली तरी गोळीमागचा वायू एकसारखा सुटत नाही आणि गोळ्यांचा समूह पसरतो. बरेच जण साफसफाईची सळई पुढूनच घालतात आणि ती याच कडेवर घासत राहतात. बोल्ट निघत असेल तर सळई नेहमी मागून, चेंबरच्या बाजूने घाला आणि सोबत बोअर गाइड (सळई सरळ ठेवणारी आधाराची नळी) वापरा. गाइडमुळे सळई मधोमध राहते आणि सॉल्व्हंट, म्हणजे मळ विरघळवणारं द्रावण, ट्रिगरमध्ये उतरत नाही. तुकडे जोडून होणाऱ्या सळईपेक्षा अखंड, वरून लेप असलेली किंवा कार्बन फायबरची सळई घ्या. जोडांच्या कडा नळीला लागतात, शिवाय अशी सळई वाकते. ज्या रायफलींमध्ये मागून जाताच येत नाही, त्यांच्यासाठी ओढून काढायची दोरी म्हणजे पुल-थ्रू बरी. ती मात्र सरळ रेषेत ओढा. तिरकी ओढली तर दोरीही कड घासते.

आता तांब्याबद्दल, कारण इथे हमखास फसगत होते. गोळीवरचं तांब्याचं आवरण नळीत चिकटतं आणि ते काढणाऱ्या सॉल्व्हंटने पॅच (नळीतून फिरवायचा कापडाचा तुकडा) निळा होतो. निळा दिसला की माणूस आणखी सॉल्व्हंट, आणखी ब्रश असं सुरू करतो आणि पॅच निळाच येत राहतो. अशा वेळी ब्रश आणि जॅग (पॅच धरणारं सळईचं टोक) कशाचे आहेत ते पाहा. ब्रश कांस्याचा आणि जॅग पितळेचा असेल तर सॉल्व्हंट त्यांच्यातलंही तांबं विरघळवतं. नळी केव्हाच साफ झालेली असते, आपण आपलाच ब्रश धूत बसलेलो असतो. या कामाला नायलॉनचा ब्रश आणि पितळेचा नसलेला जॅग वापरा, म्हणजे खरा रंग कळेल. अमोनिया असलेलं सॉल्व्हंट बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त नळीत ठेवू नका. रात्रभर तर नाहीच.

माझं स्पष्ट मत आहे: नेम बिघडलेला नसताना दर वेळी नळी अगदी धातूपर्यंत घासून काढण्याची गरज नसते. पूर्ण स्वच्छ केलेल्या नळीला पुन्हा एकसारखी मारू लागण्यासाठी अनेकदा काही गोळ्या लागतात. चेंबर, बोल्टचे लग (बंद बोल्टला अडकवून धरणारे दात) आणि एक्स्ट्रॅक्टरचा आकडा (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा) मात्र दर वेळी पुसा.

तेलाचा अतिरेक

गंजाच्या भीतीने रायफल तेलात न्हाऊ घातली जाते. ते तेल एका जागी थांबत नाही. उभ्या रायफलच्या नळीतून आणि अ‍ॅक्शनमधून, म्हणजे बोल्टच्या यंत्रणेतून, ओघळून ते ट्रिगरमध्ये जातं, तिथे धुळीशी मिसळून घट्ट होतं आणि ट्रिगर नीट परत येईनासा होतो. लाकडी दस्त्यात, विशेषतः मुठीजवळच्या बारीक भागात तेल मुरलं की लाकूड मऊ पडतं. तेल लावल्यावर काही तास रायफल नळी खाली करून, कापडावर टेकवून ठेवा.

चेंबरमध्ये तेल राहू देणं तर धोक्याचं. काडतूस पेटलं की पितळेची केस फुगून चेंबरच्या भिंतींना धरून ठेवते आणि दाबाचा काही भार तिथे पेलला जातो. भिंती तेलकट असतील तर तो भार बोल्टवर येतो. नळीत तेलाचा थर असेल तर पहिली गोळी इतर गोळ्यांपासून दूर पडू शकते. म्हणून गोळीबारापूर्वी कोरडा पॅच चेंबरपासून तोंडापर्यंत फिरवा, तोही हातात येईल तेव्हा पाहा. त्यावर ओला डाग असेल तर दुसरा फिरवा.

डब्ल्यूडी-40सारखा फवारा पाणी हटवायला चांगला आहे, पण रायफल त्याच्या भरवशावर वर्षभर कपाटात ठेवू नका. त्यासाठी शस्त्रांचं गंजरोधक तेल वापरा. कडाक्याच्या थंडीत घट्ट ग्रीस आणखी गोठतं. बोल्टच्या आत, फायरिंग पिनभोवती असं ग्रीस असेल तर पिन जोराने आदळत नाही, प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर) उथळ खळगा पडतो आणि काडतूस पेटत नाही. बोल्टचा आतला भाग जवळजवळ कोरडाच हवा.

याच्या दुसऱ्या टोकाला एआर-15 प्रकारच्या, आपोआप भरणाऱ्या रायफली. त्यांच्या बोल्ट कॅरियरला (बोल्ट धरून मागेपुढे जाणाऱ्या भागाला) सरकत्या जागी वंगण लागतंच. कोरड्या ठेवल्या तर अडतात. 1960च्या दशकात व्हिएतनाममध्ये एम-16 या त्याच घराण्यातल्या लष्करी रायफली अडू लागल्या. त्यात काडतुसातली दारू बदलणं, चेंबरला क्रोमचा मुलामा नसणं आणि सैनिकांपर्यंत साफसफाईचं सामान पुरेसं न पोहोचणं, असं सगळं एकत्र आलं होतं. 1967 साली अमेरिकी संसदेच्या उपसमितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. पुढे चेंबरला क्रोम आलं, साफसफाईचे संचही दिले गेले. ‘या रायफलला साफ करावंच लागत नाही’ असं कोणी सांगितलं तर हा इतिहास आठवावा.

जुन्या लष्करी साठ्यातलं सामान

जुन्या काडतुसांपैकी बऱ्याच प्रकारांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड हा क्षार उरतो. तो हवेतली ओल खेचतो आणि नळीला बघता बघता गंज चढतो. तेलात हा क्षार विरघळत नाही, वरून तेल फिरवलं की तो त्याखाली दडून राहतो. इथे साधं पाणीच काम करतं. गोळीबार केला त्याच दिवशी गरम पाण्याने नळी, चेंबर, बोल्टचं तोंड आणि गॅसवर चालणारी रायफल असेल तर पिस्टन व गॅस ट्यूब धुवा. मग पूर्ण कोरडं करा आणि पातळ तेल फिरवा. रायफलला पाणी लावायचं म्हटलं की अनेकांच्या अंगावर काटा येतो, पण या बाबतीत पाण्याला पर्याय नाही.

साठवणीतून आलेल्या रायफलींवर कॉस्मोलिन नावाचं मेणासारखं गंजरोधक थापलेलं असतं. ते वरवर पुसून भागत नाही. एसकेएस या जुन्या सोव्हिएत रायफलमध्ये फायरिंग पिन मोकळी सरकणारी असते. बोल्टमधल्या कॉस्मोलिनमुळे ती पुढे अडकून राहिली, तर बोल्ट बंद होताच, ट्रिगर न ओढताही गोळी सुटू शकते. बोल्ट उघडून, मिनरल स्पिरिटने (रंग पातळ करायच्या द्रावणाने) धुऊन, कोरडा करून पुन्हा जोडा. नंतर कानाजवळ धरून हलवा. आत पिन खुळखुळ वाजली पाहिजे. आवाज आला नाही तर काडतुसाला हात लावू नका.

काडतूस ‘बसतं’ म्हणून चालवणं

5.56 नाटो काडतूस .223 रेमिंग्टनच्या चेंबरमध्ये सहज बसतं, पण त्या चेंबरची पुढची मोकळी जागा कमी असल्याने दाब वाढू शकतो. त्याहून भयंकर प्रकार .300 ब्लॅकआउटचा. हे काडतूस .223च्याच मॅगझिनमध्ये बसतं आणि काही गोळ्यांच्या बाबतीत बोल्टही बंद होतो. मग सुमारे 7.8 मिलिमीटर जाडीची गोळी 5.7 मिलिमीटरच्या नळीत घुसवली जाते आणि रायफल फुटते. दोन्ही कॅलिबर, म्हणजे काडतुसांची मापं, घरात असतील तर मॅगझिनचा रंग वेगळा, डबे वेगळे आणि रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) एका वेळी एकच रायफल न्यायची. नळीवर कोरलेलं कॅलिबर हाच अंतिम शब्द, विकणाऱ्याचं तोंडी सांगणं नाही.

चाप ओढल्यावर नुसता ‘फुस्स’ आवाज आला, धक्का नेहमीपेक्षा कमी जाणवला, तर थांबा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. मॅगझिन काढा, रायफल रिकामी करा आणि नळी आरपार मोकळी आहे याची खात्री होईपर्यंत पुढची गोळी नाही. काहीच झालं नाही तरी रायफल लक्ष्याकडेच धरून किमान 30 सेकंद वाट पाहा, मगच बोल्ट उघडा. बोल्ट उचलायला जड जात असेल, प्रायमर चपटे झाले असतील, केसच्या बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा दिसत असेल, तर ही जास्त दाबाची लक्षणं आहेत. त्या बॅचची काडतुसं बाजूला ठेवा. चेंबर पॉलिश करून हा प्रश्न सुटत नाही.

बिघाड शोधताना सगळं एकदम बदलणं

रायफल अडली की काही जण स्प्रिंग बदलतात, तेल बदलतात, काडतुसं बदलतात, तीही एकाच दिवशी. रायफल चालू लागते, पण दोष कुठे होता ते कळत नाही आणि तो परत येतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. सुरुवात मॅगझिनपासून, कारण आपोआप भरणाऱ्या रायफलींमध्ये काडतूस अडकण्याच्या तक्रारी बऱ्याचदा तिथूनच येतात. प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक टाका. अडचण दर वेळी चौथ्या क्रमांकाच्या मॅगझिनवरच येत असेल तर रायफलला दोष देण्यात अर्थ नाही. त्या मॅगझिनचे ओठ (काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा) वाकलेत का, आत तेल-धूळ साचली आहे का ते पाहा. मॅगझिनच्या आत तेल घालायचं नसतं. भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते ही भीतीही बरीचशी फुकाची, ती मुख्यतः पुन्हा पुन्हा भरण्या-रिकामं करण्याने थकते.

केस बाहेर येत नसेल तर आधी चेंबर, मग एक्स्ट्रॅक्टरचा आकडा आणि त्याची स्प्रिंग. एआर-15मध्ये बोल्ट पूर्ण बाहेर ओढलेल्या स्थितीत कॅरियर बोल्टच्या तोंडावर उभा करा. कॅरियर स्वतःच्या वजनाने खाली बसला तर गॅस रिंग (बोल्टवरच्या, वायू अडवणाऱ्या कड्या) झिजल्या आहेत.

नेम अचानक सुटला तर नळीकडे वळण्याआधी स्क्रू पाहा: दस्त्याचे, स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) बेसचे आणि रिंगचे. हाताच्या अंदाजाने आवळू नका, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराइतकाच आवळणारा पाना) घ्या. स्कोपच्या रिंगना सहसा 15 ते 18 इंच-पाउंड पुरतात, पण उत्पादकाने दिलेला आकडाच प्रमाण माना. जास्त आवळल्याने स्कोपची नळी चेपते. आवळून झालं की स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढा. स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते. स्क्रू जागेवर असतील तर खात्रीचा दुसरा स्कोप लावून पाहा. नळीवर संशय घ्यायचा तो त्यानंतरच.

साठवण

फोमच्या अस्तराची पेटी प्रवासासाठी असते. महिनोन्महिने रायफल तिच्यात राहिली तर फोम ओल धरून ठेवतो आणि जिथे धातू टेकतो तिथेच गंज उठतो. चामड्याच्या म्यानाचं आणि चामड्याच्या काडतूसपट्ट्याचंही तेच, पितळेवर हिरवा थर चढतो. कपाटात साधा आर्द्रतामापक ठेवा आणि आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास राखा. सिलिका जेल भरून ठेवलं की काम झालं असं नव्हे. रंग बदलला की ते साधारण 120 अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये वाळवावं लागतं.

काडतुसांना उष्णता सोसत नाही. पोटमाळा किंवा गाडीची डिकी त्यांच्यासाठी वाईट. रबरी गॅस्केटचा लष्करी धातूचा डबा उत्तम, मात्र गॅस्केट तडकलं नाही ना ते तपासा. काडतुसांवर तेल फवारू नका, ते प्रायमरमध्ये झिरपू शकतं. आधी घेतलेली आधी वापरा आणि डब्यावर खरेदीची तारीख लिहा. एकच काडतूस वारंवार चेंबरमध्ये घालून काढत राहू नका. गोळी केसमध्ये आत सरकते आणि दाब वाढतो.

सोबतचं सामान

इथे पैसा सगळ्यात जास्त वाया जातो. चौथं कॅलिबर घेण्याऐवजी आहे त्या रायफलसाठी फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर, त्यांच्या स्प्रिंगा आणि गॅस रिंग घ्या आणि ते भाग एकदा प्रत्यक्ष बसवून, चालवून मगच पिशवीत टाका. न बसवलेला सुटा भाग बसेलच याची खात्री नसते. स्क्रूड्रायव्हर बंदुकीच्या स्क्रूसाठीचा, समांतर पात्याचा हवा. नेहमीचा निमुळता स्क्रूड्रायव्हर खाचेतून निसटून खाच फाडतो. .22 रिमफायर रायफल रिकामी चालवून सराव करत असाल तर स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) वापरा, नाहीतर बऱ्याच रायफलींमध्ये पिन चेंबरच्या कडेवर आदळते.

टॉर्चमध्ये अल्कलाइन बॅटरी ठेवून वर्षभर विसरलात तर ती गळून टॉर्चच खाईल. लिथियम बॅटरी जास्त टिकतात, तरी तारीख लिहा. बहुतेक रायफलींचा आवाज 140 डेसिबलच्या वर जातो. इअरमफ आणि आत प्लग, दोन्ही घाला. चष्मा विसरू नका. साफसफाईनंतर आणि रेंजवरून आल्यावर काही खाण्याआधी साबणाने हात धुवा, कारण बोटांवर शिसं असतं.

प्रथमोपचाराच्या पिशवीत टूर्निकेट (रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) असेल तर तो खात्रीच्या विक्रेत्याकडून घ्या. नकली टूर्निकेटची फिरवायची काडी ताण पडताच मोडू शकते. दोन घ्या, एकावर ठळक ‘सराव’ लिहा आणि स्वतःच्या हातावर-पायावर लावण्याचा सराव त्याच्यावरच करा. सरावाचा टूर्निकेट ताणून ताणून थकतो, त्यामुळे तो पिशवीत परत जाऊ देऊ नका.