दिवेआगरच्या २१४ क्लिपा आणि आत्याच्या चौदा पिशव्या

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकराजण दोन गाड्या घेऊन कोथरूडहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला गेलो, आणि परत आल्यावर सगळ्यांच्या मोबाइलमधून मिळून २१४ क्लिपा निघाल्या, एकामागे एक लावल्या तर सव्वातीन तास. यातली एकही ठरवून काढलेली नाही. अर्ध्या क्लिपांमधे कोणीतरी "चालू आहे का हे?" विचारतंय. मी जोशात येऊन वहिनीला म्हटलं, दे सगळं, मी करते मस्त व्हिडिओ, आणि तिथे फसले. माझं फिल्मचं शिक्षण म्हणजे रोज लॉ कॉलेज रोडवरून एफटीआयआयच्या (फिल्म इन्स्टिट्यूटच्या) गेटसमोरून स्कूटर नेते एवढंच. पण दोन महिने झटून नऊ मिनिटांचा एक व्हिडिओ झाला, आणि तो घरच्यांनी मागून मागून तीनदा बघितला, म्हणून कसा केला ते लिहितेय.

पहिलं काम गोळा करणं, आणि ते घरी आल्यावर आठवड्याच्या आत करा नाहीतर कोणीतरी स्टोरेज फुल झालं म्हणून डिलीट करतं (केलंच आमच्या एका भाच्याने, किल्ल्याचं सगळं गेलं). व्हॉट्सअपवर नेहमीसारखं पाठवायला सांगू नका, तिथे व्हिडिओ दाबून बारीक होतो आणि कधी काढला ती वेळही बहुतेकदा उडते. केबल लावून घ्या, गूगल ड्राइव्हवर टाकायला सांगा, किंवा व्हॉट्सअपच पाहिजे असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावा. जागा जास्त धरून चाला. आयफोनवर फोरके (फार बारीक तपशिलाचं चित्र) सेकंदाला ३० फ्रेमला, म्हणजे ३० चित्रांना, एका मिनिटाचे साधारण १७० एमबी होतात, ६० फ्रेम ठेवलं तर ४०० च्या आसपास, आणि दादाने अर्थातच ६० ठेवलं होतं, का विचारलं तर म्हणे "जास्त चांगलं असतं ना".

मग सगळं वेळेप्रमाणे लावायचं. इथे आमची गंमत झाली, काकांच्या जुन्या कॅमेऱ्याचं घड्याळ साफ चुकलेलं, त्यामुळे दुपारी खाल्लेले मोदक पहाटे खाल्लेले दिसत होते. यावर उपाय म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी शूट केलेला एक क्षण शोधायचा. आम्ही दिघीहून आगरदांड्याला फेरीने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) गेलो होतो आणि फेरीचा रॅम्प धाडकन खाली पडतो तो आवाज चार मोबाइल आणि त्या कॅमेऱ्यात पण होता. तो आवाज एकमेकांवर आणून ठेवला की कोण किती मागे किती पुढे ते लगेच कळतं, मग त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या फायली तेवढ्याच सरकवायच्या.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. एडिटिंगचं ॲप उघडायच्या आधी सगळं एकदा नुसतं बघा. वही पेन घेऊन. मी पाच रात्री बसले, रोज साधारण चाळीस मिनिटं. आणि वहीत "समुद्र छान", "सूर्यास्त" असलं काही लिहू नका, ते क्लिपेचं चित्र बघून पण कळतं. माणसं काय *बोलतात* ते लिहा, शब्दाला शब्द. आमच्याकडे सूर्यास्ताच्या तेवीस क्लिपा होत्या, त्यातली एक ठेवली, ती पण मागून आजी म्हणते "झालं का तुमचं, डास चावतायत" म्हणून.

वही लिहिता लिहिता तिसऱ्या रात्री लक्षात आलं की आपल्या पिक्चरची गोष्ट आधीच यात आहे, आपण ती काढली नाही, ती मागे घडत होती. आमची आत्या पिशव्या मोजते. कोथरूडच्या पार्किंगमधे दादा त्याच्या पोराला शूट करतोय आणि मागून आवाज येतो, "बारा, तेरा, चौदा." ताम्हिणीत वडापाव खायला थांबलो तिथे परत. दिघीच्या जेट्टीवर परत. आणि निघायच्या दिवशी होमस्टेच्या अंगणात आत्या म्हणते "तेराच आहेत", तर दादा म्हणतो "असतील गं, चल, ट्रॅफिक लागेल." घरी आल्यावर चकलीची निळी पिशवी नाही, आणि सगळे आत्यालाच बोलले की तूच मोजायला चुकलीस. मी क्लिप क्रमांक १८८ बघत होते, भाचा अंगणात क्रिकेट खेळतोय, आणि मागे झोपाळ्याखाली निळी पिशवी! मी रात्री बारा वाजता एकटीच हसत बसले.

तर असा एक धागा शोधा. तो बघण्याच्या ठिकाणांत क्वचितच सापडतो, परत परत येणाऱ्या गोष्टीत सापडतो. कोणाची टोपी, कोणाचं "अजून किती लांब", एकच माणूस प्रत्येक फोटोत डोळे मिटून. धागा सापडला की काय ठेवायचं आणि काय काढायचं हा प्रश्न निम्मा सुटतो. जंजिऱ्याच्या बोटीतले माझे स्वतःचे शॉट मला फार आवडले होते, पण त्यात ना पिशवी ना माणसं, नुसती तटबंदी. दहा सेकंद ठेवली, बाकी गेली. दुखलं जरा.

कापताना नुसत्या दृश्याला तीन-चार सेकंद पुरतात, पण कोणी बोलत असेल तर वाक्य पूर्ण होऊ द्या आणि त्यानंतरचा एक सेकंद पण, हसू तिथे येतं. मोबाइल हलवत हलवत सगळा किनारा टिपलेला असतो ना, त्यात शेवटी हात जिथे थांबतो ते दोन सेकंद तेवढे घ्या. स्टॅबिलायझेशन (हलणारं चित्र स्थिर करायची सोय) लावलं तर कडा कापल्या जातात, कधी माणसाचं डोकंच जातं, तेव्हा जपून. आणि चुकून चालू राहिलेल्या क्लिपा, ज्यात नुसत्या चपला आणि वाळू दिसते, त्या फेकू नका! त्यांचा आवाज सोनं असतो कारण कोणाला माहीतच नसतं की रेकॉर्ड होतंय. चित्र टाका, आवाज ठेवा आणि तो दुसऱ्या चित्राखाली सोडा.

आवाजावर खरं तर मी वेगळंच लिहायला हवं, कारण लोक चित्र थोडं खराब असलं तर चालवून घेतात, पण समुद्राचा वारा माइकमधे घूं घूं करायला लागला की टीव्हीचा आवाज बंद करतात. वाऱ्याची क्लिप असेल तर तिचा आवाज सरळ काढून टाका आणि कुठल्यातरी एका बऱ्या क्लिपेतला लाटांचा वीस-तीस सेकंदांचा आवाज पाच-सहा शॉटखाली सलग पसरा, लगेच ते सगळे शॉट एकाच ठिकाणचे वाटायला लागतात. दुसरी एक युक्ती, पुढच्या सीनचा आवाज एक सेकंद आधी सुरू करायचा. घाटाचं वळण दिसतंय तोवरच "चौदा!" ऐकू येतं आणि मग जेट्टी दिसते. एवढ्याने सगळं पळायला लागतं. गाणी कमी लावा, बोलणं आलं की गाणं पार खाली घ्या, आणि यूट्यूबवर टाकणार असाल तर सिनेमातलं गाणं लावू नका, क्लेम (गाणं आमचं आहे असा दावा) येतो, त्यांच्या ऑडिओ लायब्ररीतलं फुकट घ्या.

काही गोष्टी शूटच झालेल्या नसतात. आमचं घरून निघणंच नव्हतं, सुरुवात थेट पार्किंगमधे. मग मी आत्ता, दोन महिन्यांनी, त्याच पॅसेजमधे त्याच पिशव्या रांगेत ठेवून वरून एक शॉट घेतला. त्यात काही फसवणूक नाही, तेरा पिशव्याच ठेवल्या. टोलची पावती, होमस्टेच्या बिलाचा कागद, ग्रुपवरचं "कोण कुठल्या गाडीत" वालं भांडण यांचे फोटो पण कामाला येतात. आणि आजीला स्वयंपाकघरात बसवून, पंखा मिक्सर बंद करून, मोबाइल समोर ठेवून विचारलं की ट्रिप कशी झाली. आपण स्वतः "आणि मग आम्ही पोचलो सुंदर अशा" करत बोलण्यापेक्षा हे हजारपट बरं. आजी अकरा मिनिटं बोलली, त्यातली चाळीस सेकंदं घेतली.

उभे व्हिडिओ हा सगळ्यांचाच ताप आहे. दोन्ही बाजूला धूसर पट्टे लावून भरायचं सारखं सारखं करू नका, डोळ्याला त्रास होतो. एकाच वेळचे दोन-तीन उभे व्हिडिओ असतील तर शेजारी शेजारी लावा, फेरीचा सीन मी तसाच केला, तीन मोबाइल तीन पट्ट्यांत. सॉफ्टवेअर काय वापरावं यावर भांडू नका, फोनवर व्हीएन किंवा इनशॉट, मॅक असेल तर आयमूव्ही, कॉम्प्युटर बरा असेल तर डाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन आपल्याला जन्मभर पुरतं. कॉम्प्युटरवर ओठ आणि आवाज हळूहळू पुढेमागे व्हायला लागले तर घाबरू नका, मोबाइल फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) कमीजास्त करत शूट करतो, हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून ती फाइल कॉन्स्टंट, म्हणजे एकसारख्या, फ्रेम रेटला काढून घ्या. पान उलटणं, हार्ट फुटणं असले इफेक्ट नकोत. प्लीज.

झाला वाटला की ट्रिपला न आलेल्या एका माणसाला दाखवा. आलेल्यांना सगळंच आवडतं. मी माझ्या मैत्रिणीला दाखवला आणि व्हिडिओकडे नाही तर तिच्याकडे बघत बसले, जिथे तिने मोबाइल हातात घेतला ती वेळ लिहून ठेवली. दोन जागा निघाल्या, दोन्ही माझ्या लाडक्या. तिथूनच तेरा मिनिटांचे नऊ झाले. आणि ज्याचं काही लाजिरवाणं असेल त्याला आधी विचारा, घाटात उलटी झालेल्या भाचीने आवाज ठेवायला परवानगी दिली, चित्राला नाही. लहान मुलांचे पाण्यातले शॉट असतील तर पब्लिक करू नका, अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल असं) ठेवा, तरी लिंक फिरते हे लक्षात असू द्या.

शेवटी १०८० रिझोल्यूशनमधे, एच २६४ या जुन्या फॉरमॅटची एमपीफोर फाइल काढा, जुन्या टीव्हीला नवीन फॉरमॅट पेनड्राइव्हवरून चालत नाहीत. बिटरेट (सेकंदाला किती डेटा) १६ एमबीपीएस ठेवलं तर नऊ मिनिटांची फाइल साधारण एक जीबी होते. फाइल चार जीबीच्या वर गेली आणि पेनड्राइव्ह फॅट३२ (जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला) असेल तर ती कॉपीच होणार नाही, तेव्हा तो एक्सफॅटला फॉरमॅट करा आणि टीव्ही तो वाचतोय का ते पाहुणे यायच्या आधी बघून घ्या. मूळ क्लिपा दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.

दाखवला त्या दिवशी झोपाळ्याखालची पिशवी आली तेव्हा दादा काहीच बोलला नाही, आत्या फक्त म्हणाली "मागे घे जरा", आणि परत बघितला. जाताना मी सगळ्यांना एकेक पेनड्राइव्ह दिला. पाच आणले होते. आत्याने दारात मोजले.