गाडीचा भाव तोंडी नको, कागदावर घ्या

नवी गाडी घ्यायची असेल तर एकाच शोरूममध्ये बसून घासाघीस करू नका. नांदेडला राहत असाल तर लातूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या डीलरकडूनही त्याच मॉडेलचं, त्याच व्हेरियंटचं लेखी कोटेशन मागवा. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातून घेतली तरी तिची नोंदणी आपल्याकडे, नांदेडच्या एमएच २६ क्रमांकावर करता येते.

कोटेशनमध्ये प्रत्येक रक्कम वेगळी लिहून घ्या. एक्स-शोरूम किंमत (आरटीओ कर, विमा धरण्याआधीची) आणि आरटीओ कर यांत फारसं काही हलत नाही. पैसा मुरतो तो विमा, अ‍ॅक्सेसरीज आणि ‘हँडलिंग चार्जेस’मध्ये, म्हणजे गाडी आणण्या-ठेवण्याच्या नावाखाली डीलर लावतो त्या रकमेत. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून दुसऱ्या कंपनीचा भाव काढा आणि तो कागद समोर ठेवा. तेवढ्यानंच डीलरकडच्या विम्याचा हप्ता बऱ्याचदा खाली येतो, कारण त्यात त्याचं कमिशन असतं. हँडलिंगची रक्कम काढून टाका असं स्पष्ट सांगा. सीट कव्हर, मॅट बाजारात स्वस्त मिळतात. त्यामुळे ‘फ्री अ‍ॅक्सेसरीज’ऐवजी रोख सूट मागा.

किंमत १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस, म्हणजे डीलरनं आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर, लागतो. तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो, म्हणून पावती जपा.

दसरा-पाडव्याला गाडी दारात हवीच, हे डीलरला आधी कळू देऊ नका. डिसेंबरअखेर सूट चांगली मिळते, पण उत्पादनाचा महिना तपासा. बुकिंगची रक्कम परत मिळण्याची अटही लिहून घ्या.