कमरेला पिस्तूल लावून बाजारहाट

अ‍ॅरिझोनात सज्ञान माणसाला कमरेला, सगळ्यांना दिसेल असं, भरलेलं पिस्तूल लावून भाजी आणायला जायला परवाना लागत नाही. हे पूर्वीपासूनच असं आहे. २०१० पासून २१ वर्षांपुढच्यांना ते कपड्याखाली झाकायलाही परवाना लागत नाही. आमच्या चँडलरमध्ये हार्डवेअरच्या दुकानात, पेट्रोल पंपावर असं कुणी दिसलं तर लोक मान वर करत नाहीत. माझ्याकडे दिसलं की करतात. सांगलीकडची बाई, कपाळाला टिकली आणि कमरेला ग्लॉक, हे त्यांच्या हिशेबात बसत नाही.

आमचं छोटं दुकान आहे आणि रात्री गल्ला घेऊन निघणारी मीच असते, म्हणून मी पिस्तूल बाळगते. आपल्या मंडळातल्या बायका, आणि हल्ली त्यांचे नवरेही, बाजूला घेऊन विचारतात, "कसं लावतेस गं?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी व्हिसाचं. तुम्ही एच-१बी, एच-४, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तुम्हाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायलाच मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असल्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय वापरू नका. मित्राची गन नेमबाजीच्या रेंजवर दहा मिनिटं हातात घेतली तरी ते 'बाळगणं' धरलं जाऊ शकतं. इतकी वर्षं रांगेत उभं राहून ग्रीनकार्ड एका फोटोपायी घालवू नका. ग्रीनकार्डवाले आणि नागरिक यांना परवानगी आहे. दुकानदाराकडून पिस्तूल घेताना वय २१ पूर्ण लागतं, फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. त्या फॉर्मवर गांजाबद्दलही प्रश्न आहे. अ‍ॅरिझोनात गांजा दुकानात मिळतो, पण फॉर्म केंद्राचा आहे आणि केंद्राला राज्याच्या मताशी देणंघेणं नाही.

आता कपडे. सगळ्या जणी पहिला प्रश्न हाच विचारतात आणि तो बरोबरच आहे. भरलेलं ग्लॉक १९ साधारण साडेआठशे ग्रॅमचं असतं. परकराची किंवा सलवारीची नाडी ते पेलत नाही, लेगिंगचं इलॅस्टिकही नाही. म्हणजे साडी, सलवार, पलाझो बाद. जीन्स, त्यात खोचलेला शर्ट आणि खास गनसाठी बनवलेला जाड, ताठ पट्टा. साधा शोभेचा पट्टा वजनाने दुमडतो, होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, बाहेरच्या बाजूला कलतं आणि दिवसभर हात तिकडे जात राहतो. कुर्ता घातलात तर पिस्तूल त्याखाली जातं. कायद्याच्या दृष्टीने ते मग उघडं राहत नाही, लपवलेलं होतं. अ‍ॅरिझोनात एकविशीपुढच्या बाईला त्याने फरक पडत नाही, पण राज्य बदललं की पडू शकतो. आणि पर्समध्ये ठेवू नका. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोमधल्या हेडनच्या वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल ओढलं आणि गोळी सुटून आई जागीच गेली. पर्स ट्रॉलीत, मूल ट्रॉलीत. आपण सगळ्याच जणी असंच करतो.

होल्स्टरवर पैसे वाचवू नका. ट्रिगर पूर्ण झाकणारं, कडक पदार्थाचं, आणि उघडं लावायचं असेल तर कुलूप असलेलंच घ्या. नुसत्या घर्षणाने धरून ठेवणारं होल्स्टर झाकलेल्या पिस्तुलाला चालतं. उघड्याला नाही, कारण मागे उभ्या असलेल्या माणसालाही ते दिसतं आणि त्याचाही हात तिथे पोचतो. मी अंगठ्याने कळ दाबून सुटणारं वापरते. तर्जनीने बटण दाबायचे प्रकारही मिळतात. ते मला पटत नाहीत: बटण दाबणारं बोट पिस्तूल बाहेर येता येता तसंच दाब देत ट्रिगरवर उतरू शकतं, आणि कित्येक प्रशिक्षकांनी याच कारणासाठी ते आपल्या वर्गात बंद केले आहेत. नवीन होल्स्टर आणलं की घरी रिकाम्या पिस्तुलाने सराव करा. रिकामं म्हणजे मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) बाहेर, चेंबर (नळीमागचा, गोळी बसायचा कप्पा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत. अंगठा आपोआप कळीवर जाईपर्यंत बाहेर पडू नका.

चेंबरमध्ये गोळी ठेवायची की नाही यावर घराघरात वाद होतात. माझं मत: ठेवायची भीती वाटत असेल तर तुमचं प्रशिक्षण अपुरं आहे, आधी ते पूर्ण करा. तोवर पिस्तूल घरातल्या तिजोरीत राहू द्या.

आता खरा मुद्दा. होल्स्टरमध्ये बसलेलं पिस्तूल आपलं आपण काही करत नाही. धोका असतो ते काढताना, रिकामं करताना, गाडीतल्या कुलपाच्या डब्यात ठेवताना, पुन्हा लावताना, आणि हे सगळं गाडीच्या सीटवर, स्टिअरिंग आणि सीटबेल्टच्या मधल्या वीतभर जागेत चालतं. म्हणून मी कामांची यादी करताना एवढंच बघते की मधे कुठे ते काढावं लागणार आहे का. लागणार असेल तर त्या दिवशी पिस्तूल घरी. पोस्टाचं काम आणि मुलीला शाळेतून आणणं मी एकाच दुपारी उरकते, तेव्हा कमरेला काही नसतं. पंप, हार्डवेअर, भाजी आणि दुकान यांची फेरी वेगळ्या दिवशी.

कुठे काढावं लागतं ते पाठच करा. पोस्ट ऑफिसचा केंद्रीय नियम पार्किंगलाही लागू आहे. त्याविरुद्ध कोर्टात दावे लढवले गेले आहेत, पण ते लढवणारे वेगळे, आपल्याला पार्सल टाकायचं आहे. शाळेच्या आवारात राज्याचाच कायदा मनाई करतो. गाडीत असलं तर रिकामं हवं, आणि तुम्ही उतरलात तर बाहेरून दिसणार नाही असं, गाडीला कुलूप लावून. शिवाय शाळेपासून हजार फुटांच्या पट्ट्याचा केंद्रीय कायदा वेगळा आहे, आणि गावात एक शाळा संपते तिथे दुसरीचे हजार फूट सुरू होतात. राज्याचा परवाना असलेल्याला त्या पट्ट्यात सूट मिळते, शाळेच्या आवारात नाही. परवाना सक्तीचा नसतानाही मी काढला तो यासाठीच. पाच वर्षं चालतो, आणि निदान एकदा तरी कायदा नीट शिकून होतो. आपल्या मराठी मंडळांसाठीही हे महत्त्वाचं, कारण गणपती आणि दिवाळीचे कार्यक्रम बऱ्याचदा शाळेचं सभागृह भाड्याने घेऊनच होतात. सुट्टीच्या दिवशीही ती शाळाच असते.

टेबलावर दारू देणाऱ्या हॉटेलात उघडं पिस्तूल चालत नाही. पिझ्झाच्या दुकानात बिअर मिळत असेल तर तेही त्यात आलं. परवाना असेल, दारात मनाईची पाटी नसेल आणि तुम्ही थेंबही घेणार नसाल तर झाकून जाता येतं. मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रात नाही. चँडलरच्या दक्षिणेला लागूनच गिला रिव्हर या आदिवासी समुदायाची जमीन आहे. तिथे त्यांचा स्वतःचा कायदा चालतो, राज्याच्या परवान्यावर विसंबून जाऊ नका. कसिनो तर नाहीच. आणि कॅलिफोर्नियाकडे फिरायला निघालात तर अ‍ॅरिझोनाचं सगळं स्वातंत्र्य कोलोरॅडो नदीच्या अलीकडेच राहतं.

दुकानांचं आणखी वेगळं. कायदा मुभा देतो, मालक नको म्हणू शकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला, त्यानंतर सप्टेंबरमध्ये वॉलमार्टने गिऱ्हाइकांना पिस्तूल उघडं आणू नका अशी विनंती केली, पाठोपाठ क्रोगर या किराणा दुकानांच्या साखळीनेही. इथलं फ्राइज हे दुकान क्रोगरचंच. स्टारबक्सने २०१३ मध्येच सांगितलं होतं. कॉस्टकोत कुठल्याही प्रकारे नको. "नुसती विनंतीच तर आहे" असं म्हणून आत शिरणारे भेटतात. मला ते शोभत नाही, दुकानदार म्हणून तर मुळीच नाही. आणि अ‍ॅरिझोनात तुम्हाला थेट शस्त्र बाहेर ठेवायला सांगितलं आणि तुम्ही ऐकलं नाही तर तो गुन्हा होतो. सांगितलं की "सॉरी" म्हणून निघायचं. गाडीत ठेवून परत यायचं नाही. पार्किंगमध्ये काढाकाढी आलीच, वर उन्हाळ्यात फीनिक्समधली बंद गाडी म्हणजे भट्टी. गाडीत ठेवणं अगदीच टळत नसेल तर सीटच्या लोखंडाला तारेने बांधलेला कुलपाचा डबा हवा. डॅशबोर्डचा कप्पा चोर आधी उघडतो.

दुकानात शिरल्यावर. पिस्तुलाची बाजू फळीकडे, ट्रॉली दुसऱ्या बाजूला. रांगेत कोपर होल्स्टरला टेकलेलं. खालच्या फळीवरची तांदळाची गोणी उचलायला कमरेतून वाकू नका, गुडघ्यात बसा. वाकलात की पिस्तुलाची मूठ मागच्या माणसापुढे येते. भारतीय किराण्याच्या दुकानात मी उघडं लावून जातच नाही. एवढ्याशा गल्ल्या, धक्काबुक्की, आणि ओळखीची पोरं "मावशी" म्हणत पळत येऊन कमरेला मिठी मारतात. होल्स्टर नेमकं त्यांच्या तोंडाशी येतं.

स्वच्छतागृहाबद्दल कुणी बोलत नाही. पिस्तूल होल्स्टरमधून काढू नका. खुंटीला अडकवू नका, टाकीवर ठेवू नका. तिथे विसरलेली पिस्तुलं पुढच्या माणसाला सापडतात, कधी तो पुढचा माणूस पोर असतो. जीन्स गुडघ्याच्या वर धरून ठेवा, पट्टा आधी पुन्हा अडकवून, म्हणजे होल्स्टर ताठ राहतं आणि शेजारच्या फटीतून दिसतही नाही. चमत्कारिक वाटतं. सवय होते.

लोक बोलतील. कौतुक करणारा लांबण लावतो, भिणारा व्हिडिओ काढतो. दोघांनाही एका वाक्यात उत्तर देऊन पुढे चला. पार्किंगच्या जागेवरून कुणी भांडायला आलं तर जागा त्याची. कमरेला पिस्तूल असताना भांडण करायची मुभा तुम्ही स्वतःच सोडून दिलेली असते. बोलता बोलता हात मुठीवर ठेवणं, होल्स्टर सारखं करणं, काहीही नको. तेवढ्या हालचालीचा अर्थ समोरचा धमकी असा लावू शकतो, मग पोलीस, मग वकील.

पोलिसांनी गाडी थांबवली तर इंजिन बंद, आतला दिवा लावलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. वाक्याची सुरुवात "गन"पासून करू नका. मी म्हणते, "ऑफिसर, उजव्या कमरेला होल्स्टरमध्ये पिस्तूल आहे. मी काय करू, सांगा." आणि ते सांगेपर्यंत हलत नाही. लायसन्स त्याच बाजूच्या खिशात ठेवू नका, हात तिकडे न्यायची वेळच येऊ नये. थांबवलेलं असेपर्यंत ते पिस्तूल ताब्यात घेऊ शकतात आणि नंतर परत देतात. कुणी ९११ ला फोन केल्याने पोलीस दुकानात आले तरी वागणं हेच. आपला रंग आणि आपले उच्चार बघता हक्कांवरचं भाषण तिथे नको. तक्रार करायचीच असेल तर नंतर लेखी करा.

शेवटी भारतात जाणाऱ्यांसाठी. रेंजला नेलेली बॅग विमानतळावर नेऊ नका. अस्तराच्या कप्प्यात किंवा जीन्सच्या छोट्या खिशात राहिलेली एक जिवंत गोळीही भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल व्हायला पुरते, आणि मग सुट्टी वकिलाच्या दारात जाते. रेंजची बॅग वेगळ्या रंगाची ठेवा आणि ती घरातल्या कुणालाही प्रवासाला देऊ नका. सासूबाईंना तर नाहीच. त्या चिवड्यासाठी दिसेल ती बॅग उचलतात.