लहान प्रॅक्टिस आणि मिप्स: तयारी जानेवारीतच

अमेरिकेत मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे) पेशंट पाहत असाल, तर मिप्सचा, म्हणजे कामाला गुण देऊन मेडिकेअरचे पैसे कमी-जास्त करणाऱ्या योजनेचा, हिशेब दोन वर्षांनी हातात पडतो हे आधी ध्यानात घ्या. २०२६ च्या कामावर २०२८ चे पैसे ठरतात आणि कपात ९ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ती टाळायला १०० पैकी ७५ गुण लागतात.

सुरुवातीलाच क्यूपीपी (मिप्स ज्याचा भाग आहे तो सरकारी कार्यक्रम) याच्या संकेतस्थळावर आपला एनपीआय, म्हणजे क्लिनिशियनचा राष्ट्रीय ओळख क्रमांक, टाकून पाहा. तुम्ही योजनेत येता का आणि 'लहान प्रॅक्टिस' (१५ किंवा कमी क्लिनिशियन) म्हणून नोंद आहे का, ते तिथे कळतं. ही नोंद फार कामाची. गुणवत्तेच्या विभागात ६ जादा गुण मिळतात आणि त्या विभागाच्या नोंदी नेहमीच्या क्लेमबरोबरच (विम्याकडे जाणाऱ्या बिलाबरोबर) पाठवता येतात.

आणखी एक सवलत आहे, ती मात्र नकळत हातची जाऊ शकते. इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डच्या विभागातून लहान प्रॅक्टिसला आपोआप सूट आहे, पण तुमच्या सॉफ्टवेअर कंपनीने उत्साहाच्या भरात त्याची माहिती पाठवली, की सूट रद्द. आधीच बजावून ठेवा, तेही लेखी.

गुणवत्ता ज्यावर मोजतात ते निकष दरवर्षी बदलतात, काही गळतात. म्हणून सहा हवे असतील तर आठ निवडा. रक्तदाब, मधुमेह असे रोजच्या कामातले. नोंदी वर्षभराच्या लागतात, त्यामुळे डिसेंबरात जागं होऊन भागत नाही. महिन्यातून एकदा, बिलिंग पाहणाऱ्या व्यक्तीबरोबर बसून, राहिलेल्या नोंदी तपासा.