कूलर सुरू, मीटिंगही सुरू: कॉलसाठी कमी किमतीचे इअरबड्स कसे निवडायचे

तालुक्याच्या मोबाइल दुकानात इअरबड्स मागितले की दुकानदार आधी डब्यावरचा एएनसीचा (ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन) आकडा दाखवतो: ३० डीबी (डेसिबल), ४५ डीबी, ५० डीबी. कॉलसाठी बड्स घेत असाल तर त्या आकड्यावर जास्त पैसे घालवू नका. एएनसी तुमच्या कानासाठी असते. बडचा बाहेरचा माइक भोवतालचा आवाज टिपतो, बड त्याच्या उलट लहर आत सोडतो आणि तुम्हाला शांत वाटतं. समोरच्या माणसाला तिचा काही उपयोग नाही. तुमच्यामागे हडंबा (मळणीयंत्र) चालू असेल तर तुम्हाला तो बारीक ऐकू येईल, पण साहेबांना किंवा मुलाखत घेणाऱ्याला पूर्ण ऐकू जाईल.

समोरच्यासाठी असते ती ईएनसी (एन्व्हायर्न्मेंटल नॉइज कॅन्सलेशन). माइकमध्ये शिरलेल्या आवाजातून तुमचं बोलणं वेगळं काढून बाकीचं दाबणं हे तिचं काम. काही कंपन्या तिला ‘एआय नॉइज कॅन्सलेशन’ किंवा ‘क्लिअर कॉल’ अशी नावं देतात. डब्यावर नुसतं ‘नॉइज कॅन्सलेशन’ लिहिलं असेल तर कोणतं, ते विचारा. हजाराच्या आतल्या बहुतेक बड्समध्ये फक्त ईएनसी असते आणि कॉलपुरती तीच हवी असते.

माइक कुठे आहे, किती आहेत

दांडी असलेले बड्स घ्या. दांडीच्या खालच्या टोकाला माइकचं छिद्र असतं, ते कानापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरने तोंडाच्या जवळ येतं. गोल, बटनासारखे बड्स दिसायला छान, पण त्यांचा माइक कानापाशीच राहतो आणि खोलीतला आवाज जास्त ओढतो. किंमत सारखी असेल तर कॉलसाठी दांडीवालाच घ्यावा.

‘क्वाड माइक’ म्हणजे दोन्ही बड्स मिळून चार, एका बाजूला दोन. हे किमान समजा. एका बडमध्ये दोन माइक असले की आवाज कोणत्या माइकला आधी पोचला यावरून तो तोंडाकडून आला की बाजूने, हे बडला ठरवता येतं. एकच माइक असेल तर हे जमत नाही. सहा माइक असतील तर तिसरी जोडी सहसा कानाच्या आतल्या बाजूला, एएनसीसाठी असते. तिच्यामुळे तुमचं बोलणं आपोआप दीडपट साफ होत नाही.

ईएनसी एकसुरी आवाज चांगला दाबते: पंखा, मोटारपंप, उभ्या एसटीचं इंजिन, पिठाची चक्की. माणसांच्या आवाजापुढे ती गडबडते. मागे कोणी मोठ्याने बोलत असेल किंवा टीव्हीवर बातम्या चालू असतील तर यातला कोणता आवाज तुमचा, हे तिला नीट कळत नाही. टिनाच्या छपरावर पाऊस कोसळत असताना तर या किमतीतले कोणतेही बड्स पुरे पडत नाहीत. तेव्हा स्लॅबच्या खोलीत जा आणि आपली बोलायची पाळी नसेल तेव्हा म्यूट करा.

कूलरचं गणित वेगळं आहे

विदर्भात मार्चअखेरपासून पाऊस लागेपर्यंत कूलर बंद ठेवून मीटिंग करणं शक्य नाही, म्हणून बड्स कूलर सुरू ठेवूनच तपासले पाहिजेत. कूलरचे दोन त्रास असतात. पंख्याची घरघर एकसुरी असते, ती ईएनसी काढून टाकते. दुसरा त्रास वाऱ्याचा. हवेचा झोत माइकच्या छिद्रावर आदळला की तिथेच फडफड तयार होते, आणि ती काढताना स्वस्त ईएनसी तुमचे शब्दही कापते. महागड्या बड्सनाही हा झोत नीट सहन होत नाही.

उपाय फुकटातला आहे. कूलरच्या समोर न बसता बाजूला चार-पाच फुटांवर बसा, झडपा दुसरीकडे वळवा, किंवा मीटिंगपुरता पंखा कमी गतीवर ठेवा. हवा खोलीत फिरू द्या, थेट गालावर येऊ देऊ नका. शेतात उभं राहून बोलतानाही हेच: वाऱ्याकडे पाठ करा.

उन्हाळ्यात डोक्याला-कानाला दुपट्टा बांधून बोलत असाल तर दांडी दुपट्ट्याच्या बाहेर राहील असं बघा. कापड माइकवर घासलं की समोरच्याला सतत खरखर जाते, आणि बिघाड नेटवर्कचा आहे असा दोघांचाही समज होतो.

बड्सचा दोष की नेटवर्कचा

गावात 4जी गेलं आणि फोन 2जीवर आला की कॉलचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्या अरुंद पट्ट्यातून जातो. व्होएलटीई, म्हणजे 4जीवरूनच होणाऱ्या, कॉलमध्ये हा पट्टा साधारण ७००० हर्ट्झपर्यंत रुंद होतो, म्हणून तिथे आवाज भरीव वाटतो. पाच हजारांचे बड्स घेतले तरी 2जीचा कॉल रुंद होणार नाही. फोनच्या सेटिंगमध्ये व्होएलटीई सुरू आहे का ते आधी बघा. घरी ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग सुरू करा. जिओ आणि एअरटेलवर ते मिळतं, फोनमध्ये सोय हवी. एवढ्यानेच काही जणांची तक्रार मिटते आणि नवीन बड्सचे पैसे वाचतात.

आणखी एक. माइक सुरू झाला की ब्लूटूथ आवाजाची साधी वाट सोडून कॉलच्या अरुंद वाटेवर जातं. त्यामुळे गाण्यात सुंदर वाटणारे बड्स मीटिंगमध्ये अचानक दबके वाटतात. तो बिघाड नव्हे. गाणं लावून बड्स निवडू नका, ते यासाठीच. ‘गेम मोड’, ‘१३ एमएम ड्रायव्हर’, ब्लूटूथ ५.३ की ५.४, यांनीही तुमच्या बोलण्याच्या स्पष्टपणात फरक पडत नाही.

किती खर्चायचे

हजार ते पंधराशेत दांडीवाले, चार माइकचे, ईएनसी असलेले बड्स मिळतात. रोजच्या फोनला आणि आठवड्यातल्या एक-दोन मीटिंगला ते पुरतात. दीड ते अडीच हजारांत एएनसीही येते. दिवसभर ऑनलाइन काम असेल आणि बसता ती खोली रस्त्यालगत किंवा चक्कीशेजारी असेल तर ती घ्या, कारण तुम्हाला समोरचं नीट ऐकू आलं की तुम्हीही ओरडून बोलत नाही. या पैशांत एकाच वेळी दोन उपकरणांना जोडणारे बड्स मिळत असतील तर एएनसीच्या दहा जादा डीबीपेक्षा ती सोय मोलाची: लॅपटॉपवर मीटिंग चालू असताना फोन वाजला तर जोडणी तोडावी लागत नाही. छापील किमतीवर काट मारून दाखवलेली सवलत हिशेबात धरू नका. त्या मॉडेलचा गेल्या महिन्याचा प्रत्यक्ष विक्रीभाव विचारा.

बजेट पाचशेचं असेल तर बड्सचा नाद सोडा आणि माइक असलेला वायरचा इअरफोन घ्या. त्याचा माइक हनुवटीजवळ असतो, चार्जिंग लागत नाही, आणि कॉलमध्ये तो पाचशे-सातशेच्या बड्सपेक्षा साफ बोलतो. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा मागा. शेतात, बाजारात फिरणाऱ्याला नेकबँड बरा: पडत नाही, हरवत नाही, बॅटरी मोठी. फक्त त्याचा माइक कॉलरला घासणार नाही असा ठेवा.

कानात बसतात का

रबरी टोपी नीट बसली नाही तर एएनसी असून नसल्यासारखी. डब्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन जोड्या येतात. तिन्ही लावून बघा. डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागू शकतं. बड घालून ‘ऊ’ म्हणा. स्वतःचा आवाज डोक्यात भरल्यासारखा जड वाटला तर टोपी बसली. मग जबडा हलवा, खाली वाकून चप्पल घातल्यासारखं करा. निसटला तर माप बदला.

सात दिवसांच्या आत करायची चाचणी

ऑनलाइन घेतले तर डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा. कानाच्या वस्तूंवर बरेचदा पैसे परत मिळत नाहीत, फक्त बदलून मिळते, आणि तीही सात दिवसांत. मुदत विकत घेण्याआधीच वाचा.

स्वतः बोलून ‘येते का आवाज’ विचारत बसू नका. घरच्यांपैकी कोणाच्या तरी कानात बड्स घाला, त्यांना कूलरच्या खोलीत बसवा आणि तुम्ही दुसऱ्या फोनवर बाहेर अंगणातून ऐका. समोरच्याला नेमकं काय ऐकू जातं ते असंच कळतं. त्यांना आकडे वाचायला सांगा: सात, आठ, साठ, पंचवीस, पस्तीस, मग एक फोन नंबर. दर दोन आकड्यांनंतर क्षणभर थांबायला सांगा. वाईट ईएनसी थांबल्यानंतरचा पहिला आवाज गिळते: ‘पन्नास’चं ‘न्नास’ होतं, ‘साठ’ आणि ‘आठ’ सारखेच ऐकू येतात. सोयाबीनचा भाव किंवा खातेक्रमांक सांगताना हीच चूक महाग पडते. शब्द शाबूत राहून मागे थोडी घरघर आली तर चालेल. घरघर पूर्ण गेली पण शब्द कापले गेले तर बड्स परत करा किंवा बदलून घ्या.

हे शांत खोलीत, कूलरच्या बाजूला आणि टीव्ही चालू असताना असं तीनदा ऐका. मग फोन मागच्या खिशात ठेवून चालायला सांगा. ब्लूटूथच्या लहरी अंगातून नीट पार होत नाहीत. एवढ्याने आवाज तुटत असेल तर जोडणी कच्ची आहे. शेवटी एकेक बड काढून एकट्या डाव्यावर आणि एकट्या उजव्यावर बोलून बघा. लॅपटॉपवर झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये माइक तपासायची सोय आहे, ती तुमचं बोलणं तुम्हालाच ऐकवते.

समोरचा काय म्हणतो त्यावरून दोष ओळखा

‘आवाज कटून राहिला’: बड्स काढून फोन कानाला लावा. तरीही कटत असेल तर नेटवर्क. फक्त बड्सवर कटत असेल आणि व्हिडिओ मीटिंग असेल, तर ॲपची स्वतःची नॉइज सप्रेशन कमी किंवा बंद करा. बड्स आणि ॲप दोन्ही एकाच आवाजाला चाळत बसले की शब्द गळतात.

‘विहिरीतून बोलल्यासारखं वाटते’: मीटिंगने बड्सचा माइक न घेता लॅपटॉपचा घेतलेला असतो. मीटच्या किंवा झूमच्या सेटिंगमध्ये जाऊन माइकच्या जागी बड्सचं नाव निवडा. जुन्या विंडोजमध्ये एकाच बडची दोन नावं दिसतात. ‘हेडसेट’ लिहिलेलं घ्या, ‘हेडफोन्स’ नको.

‘माझाच आवाज मले परत ऐकू येते’: तुमच्या बड्सचा आवाज फार मोठा ठेवला आहे, किंवा त्याच खोलीत दुसऱ्या फोनवरही तीच मीटिंग उघडी आहे.

पूर्वी साफ असलेला आवाज हळूहळू दबत गेला तर माइकची आणि स्पीकरची जाळी बघा. कापूस वेचणीच्या आणि जिनिंगच्या दिवसांत बारीक तंतू तिथे अडकतात, आत कानाचा मळ साचतो. जाळी खालच्या बाजूला धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. टाचणी घालू नका, फुंकर मारू नका. फुंकरीने ओल आत जाते.

ऊन, घाम, बॅटरी

डब्यावरचे ‘५० तास’ हे चार्जिंगच्या केससकट, मध्यम आवाजावर आणि एएनसी बंद ठेवून मोजलेले असतात. एका चार्जमध्ये कॉलवर किती तास, तेवढंच विचारा. कॉलमध्ये माइक आणि ईएनसी सतत चालतात, म्हणून तो वेळ गाण्यांच्या वेळेपेक्षा बराच कमी असतो. चार तास मिळाले तरी भारनियमनाच्या गावात भागतं, कारण मधल्या वेळी केस भरून देते.

लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. चंद्रपूर-अकोल्यात मे महिन्यात सावलीतच पारा तिथे पोचतो. केस गाडीच्या डिकीत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका, चार्जिंग रात्री किंवा पहाटे करा. घामासाठी डब्यावरचा आयपीएक्स४ हा पाणी-धुळीपासूनच्या बचावाचा दर्जा पुरतो. त्यातल्या ‘एक्स’चा अर्थ धुळीची चाचणी दाखवलेली नाही असा आहे; शेतावर वापरायचे असतील तर आयपी५४ किंवा आयपी५५ शोधा. हे संरक्षण बहुधा फक्त बड्सना असतं, केसला नसतं. ओले बड्स पुसूनच केसमध्ये ठेवा, नाही तर चार्जिंगच्या पिना हिरव्या पडतात आणि एकच बड चार्ज होऊ लागतो.

फवारणी करताना बड्स कानात नकोत, औषधाचा हात कानाला लागतो. मोटारसायकल आणि ट्रॅक्टरवरही नकोत. एएनसी मागून येणाऱ्या ट्रकची घरघरच आधी दाबते.

बिल आणि वॉरंटी

डब्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतं का बघा. नामांकित कंपनीच्या नावाने विकले जाणारे नकली बड्स इथेच पकडता येतात. पक्कं बिल घ्या. वॉरंटी सहसा एक वर्षाची असते, तिच्यात पाणी आणि तुटफूट धरत नाहीत.

सर्व्हिस सेंटर नागपूर-अमरावतीला आहे हे ऐकून थांबू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या गावाचा पिनकोड टाकून कुरिअर घरून उचलतात का ते बघा. उचलत नसतील तर दर तक्रारीला एसटीचं भाडं आणि एक मजुरी जाईल. त्यापेक्षा शे-दोनशे रुपये जास्त देऊन जवळ सर्व्हिस असलेली कंपनी परवडते. एक बड हरवला तर तेवढाच सुटा मिळतो का, हेही आधीच विचारा. बिल असूनही वॉरंटी नाकारली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार नोंदवा. फोन करताना बिल, आर क्रमांक आणि डबा उघडतानाचा व्हिडिओ जवळ ठेवा.