पोलादी यॉटची बांधणी: सांगाड्यापासून डोलकाठीपर्यंत

पोलादाची यॉट बांधावी की नाही, हा प्रश्न बहुतेक वेळा तिच्या लांबीवरच सुटतो. पोलादी पत्र्याचे वजन जाडीच्या दर मिलिमीटरमागे चौरस मीटरला 7.85 किलो भरते, म्हणजे 4 मिलिमीटर प्लेटचा एक चौरस मीटर 31 किलोंच्या पुढे जातो. 3 मिलिमीटरहून पातळ पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने सहज वेडावाकडा होतो आणि गंजाने झिजायला त्यात पुरेशी जाडीही राहत नाही, त्यामुळे साधारण 10 मीटरपेक्षा लहान नौका पोलादात जड पडते. त्यापुढे मात्र हिशेब जमू लागतो. फ्रेंच नाविक बेर्नार म्वातेसिए यांची सुमारे 12 मीटरची ‘जोशुआ’ 1962 मध्ये पाण्यात उतरली. ती बांधली होती बॉयलरकाम करणाऱ्या कारखान्याने, आणि तिच्या डोलकाठ्या टेलिफोनच्या खांबांपासून केलेल्या होत्या. कुशल वेल्डर आणि साधी रचना यांच्यावर किती मजल मारता येते, हे या नौकेने दाखवून दिले.

आराखडा नौका-अभियंत्याकडून घ्यावा आणि आपल्या आवडीनुसार बदल करायचे ते आतल्या मांडणीपुरते ठेवावेत. कील (नौकेच्या तळाचा वजनदार कणा), बाह्यरेषा आणि डोलकाठीची जागा यांना परस्पर हात लावू नये, कारण डेकवर वाढवलेला प्रत्येक किलो नौकेची स्थिरता कमी करतो. पहिल्यांदाच बांधणाऱ्याने गोल तळाच्या मोहात न पडता कोनदार तळाचा आराखडा निवडलेला बरा. त्यात प्लेट एकाच दिशेने वाकवावी लागते, गोल तळासाठी ती दोन दिशांनी वळवावी लागते आणि त्यासाठी यंत्र व अनुभव दोन्ही लागतात.

हल, म्हणजे नौकेचे बाहेरचे कवच, उलटा बांधणे सोयीचे असते, कारण त्यामुळे बहुतेक जोड वरून, सरळ हाताने करता येतात. जमिनीवर पक्का, समतल पाया उभारून मध्यरेषेवर पोलादी तार ताणावी आणि सांगाड्याची प्रत्येक आडवी बरगडी, म्हणजे फ्रेम, त्या तारेशी काटकोनात उभी करावी. मग लांब, लवचीक लाकडी पट्टी फ्रेमवर आडवी धरून एका टोकाकडून डोळा लावून पाहावे. पट्टी कुठे उचलली जाते किंवा खोल जाते ते लगेच कळते. लांबीच्या दिशेने जाणाऱ्या स्ट्रिंगरच्या पट्ट्या फ्रेमच्या खाचांतून किंचित बाहेर राहतील अशा बसवाव्यात, म्हणजे प्लेट स्ट्रिंगरवर टेकते आणि फ्रेमला चिकटत नाही. ही काळजी घेतली नाही तर रंगानंतर बाहेरून प्रत्येक फ्रेम बरगडीसारखी उठून दिसते.

वेल्डिंगच्या क्रमात सर्वाधिक संयम लागतो. वितळलेली धातू थंड होताना आकसते आणि शेजारचा पत्रा ओढून घेते, म्हणून कोणताही जोड पूर्ण करण्याआधी साऱ्या हलला वेल्डिंगचे छोटे टाके मारून घ्यावेत. त्यानंतर 50 ते 75 मिलिमीटरचे तुकडे जागा सोडत, मागे मागे येत भरावेत. डावीकडे एक तुकडा झाला की उजवीकडे त्याच जागी दुसरा करावा. प्लेटचे उभे जोड आधी आणि लांब आडवे जोड नंतर, हाही नियम पाळावा. आतली बाजू भरल्यावर बाहेरून ग्राइंडरने स्वच्छ धातू लागेपर्यंत घासून मगच बाहेरचा जोड करावा. उघड्यावर गॅसच्या आवरणाचे वेल्डिंग करू नये, कारण वारा गॅस उडवून नेतो आणि जोडात पोकळ्या राहतात. गळती तपासायची जुनी रीत आजही उत्तम आहे: एका बाजूने जोडाला खडूचे पाणी लावून वाळू द्यावे, दुसऱ्या बाजूने रॉकेल फिरवावे आणि थोड्या वेळाने पांढऱ्यावर ओला डाग उमटतो का ते पाहावे.

क्रेनने हल सुलटा केल्यावर कीलच्या पेटीत शिशाचे ठोकळे घट्ट रचून फटी भराव्यात आणि वर झाकणपट्टी वेल्ड करावी. शिसे वितळवून ओतायचे असेल तर पेटी पूर्ण कोरडी हवी, कारण ओल राहिली तर वाफेने ते उसळून अंगावर येते. शिशाचा धूरही विषारी असतो.

आता गंजाकडे येऊ. पोलादी नौका बहुधा आतून कुजते. बाहेरचा रंग सगळ्यांना दिसतो, पण दमट हवेचे थेंब स्ट्रिंगरवर साचून राहतात ते कोणी पाहत नाही. म्हणून फ्रेमच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी भोके ठेवावीत आणि जिथे ब्रश पोहोचत नाही असा कोपरा आराखड्यातच राहू देऊ नये. तीक्ष्ण कडांवर रंग पातळ बसतो, त्यामुळे त्या घासून गोल कराव्यात. सँडब्लास्टिंग झाल्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्राइमर लावावा. आतून पॉलियुरेथेन फोम मारण्यापूर्वी इंजिनाचा पाया, चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा अडकवायच्या पट्ट्या), फर्निचरच्या पट्ट्या असे सारे वेल्डिंग उरकून घ्यावे; नंतर ठिणगी उडाली तर फोम पेटतो आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. तळाचा भाग मात्र फोमशिवाय, नजरेसमोर ठेवावा.

विजेसाठी दोन्ही तारा स्वतंत्र ओढाव्यात; हलचा परतीची तार म्हणून वापर कधीही करू नये. समुद्राच्या पाण्यात जस्ताचे ॲनोड, म्हणजे पोलादाऐवजी स्वतः झिजणारे ठोकळे, बसवावेत आणि त्यांना रंग लावू नये. तांब्याचा शेवाळरोधक रंग उघड्या पोलादावर थेट लावणे म्हणजे गंजाला आमंत्रणच आहे.

डोलकाठी उभी करताना पोलादाचा खरा फायदा कळतो: चेनप्लेट थेट फ्रेमला जोडलेल्या असल्याने तिथून गळती होत नाही. डेकवर टेकणाऱ्या डोलकाठीखाली कीलपर्यंत आधारखांब हवाच, आणि ॲल्युमिनियमची काठी असेल तर पोलादाशी तिचा संपर्क प्लास्टिकच्या पट्टीने तोडावा. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा बसवताना प्रथम पुढची व मागची ताणावी, मग दोन्ही बाजूंच्या वरच्या तारा आणि शेवटी खालच्या. शीड चढवायचा दोर दोन्ही कडांपर्यंत आणून मापला की काठी मध्यावर आहे की कललेली, ते कळते. मध्यम वाऱ्यात शिडे चढवून नौका सुमारे 20 अंश कलू द्यावी. वाऱ्याच्या पलीकडच्या तारा लोंबत असतील तर त्या थोड्या आवळून नौका दुसऱ्या अंगावर घ्यावी आणि तेवढेच आटे दुसऱ्या बाजूलाही द्यावेत. समाधान झाल्यावर तारा आवळायच्या प्रत्येक आटेदार जोडणीत, म्हणजे टर्नबकलमध्ये, पिन घालून तिची टोके वाकवावीत व टेप गुंडाळावी, नाहीतर त्या टोकांवर शीड फाटते.